हाक्यातली गप्प जागा

'भिऊ नका' हे दोन शब्द मी इतक्या वेळा लिहिले आहेत की छापखान्यात खिळे जुळवणारा माणूस माझा कागद हातात येण्याआधीच ते जुळवून बाजूला ठेवायचा. पत्रक वेठीविरुद्ध असो की जंगलातल्या जुलमाविरुद्ध, शेवटी ते यायचेच. लिहिणाऱ्याला भीती म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, एवढीच त्यात खोट होती.

हे सांगतो आहे ते माझ्या प्रामाणिकपणाचं कौतुक व्हावं म्हणून नव्हे. शेणव्याच्या पुढे डोंगराच्या पोटात एक गाव आहे. तिथल्या एका म्हाताऱ्याच्या पाठीवर माझ्यापायी वेताचे वळ उठले. तो प्रकार आमच्या कुठल्याही पत्रकात आलेला नाही, कारण पत्रकं मीच लिहीत होतो.

माझं घर मुरबाडकडचं. बापाची स्वतःची भातखाचरं, गोठ्यात दोन बैलजोड्या. लहानपणी दर थंडीत आम्ही म्हशाच्या जत्रेला जायचो. तिथे हाताने फिरवायचा लाकडी पाळणा असायचा. वर गेला की पोटात खड्डा पडायचा, मी डोळे मिटून आईला हाका मारायचो, आणि उतरलो की लगेच पुन्हा बसायचा हट्ट धरायचो. ती भीती, असं मी समजत होतो. पुढे बेचाळीस साल आलं. कल्याणची शाळा सोडून मी परतलो तो पत्रकांचं गाठोडं घेऊन. गाठोडं गवताच्या भाऱ्यात, भारा डोक्यावर, आणि समोरून पोलीस. छाती अशी धडधडायची की वाटायचं, ह्याला ऐकू जाणार. तो पुढे गेला की मी झाडाआड बसून एकटाच हसायचो. तीही भीतीच असं मी समजत होतो, आणि मी ती जिंकली असं चारचौघांत सांगतही होतो.

पकडलो असतो तर काय झालं असतं? काही महिने आत. बाहेर आलो की वेशीवर माणसं हार घेऊन उभी. बापाची जमीन जागच्या जागी. पाळणेवाल्याला हात केला की तो पाळणा थांबवायचा. इथेही माझ्या खाली कुठेतरी जमीन होतीच. असल्या धडधडीला भीती म्हणणं ही शुद्ध थाप आहे. तो थरार. तो पुन्हा हवासा वाटतो, यातच काय ते आलं. पण हे मला तेव्हा कळत नव्हतं, आणि न कळताच मी दुसऱ्यांना भिऊ नका म्हणून सांगत हिंडत होतो.

त्यानंतरच्या दुसऱ्या थंडीत मी त्या डोंगरातल्या गावात राहायला गेलो. भात, नाचणी, वरी पिकवणारी माणसं, पिढ्यान्‌पिढ्या तिथलीच. जमीन मात्र शेठची, आणि शेठ शहापुरात. कुणाकडे कागद नाही. शेठचा शब्द हाच कागद. यंदा खाचर तुझं, पुढल्या साली त्याचं. त्या शब्दाच्या बदल्यात वेठ. शेठचं घर शाकारायचं, त्याच्या गाडीसाठी रस्ता करायचा, आणि थंडीत त्याचे मुंबईचे पाहुणे शिकारीला आले की हाक्याला उभं राहायचं. घरटी एक माणूस. हाका म्हणजे रानात माणसांची रांग लावून, डबे बडवत, ओरडत जनावराला मचाणाकडे रेटत न्यायचं. मचाणावर बंदूकवाले, खाली काठीवाले.

मी ज्या घरात उतरलो होतो तिथे नवराबायको आणि नवऱ्याची आंधळी आई. त्याला मी दादा म्हणायचो, तिला वहिनी. त्यांचं खाचर ओढ्याकाठचं, गावातलं सगळ्यात चांगलं. वेठीला माणसं गोळा करणारा जो शेठचा मुकादम, त्याच्या मेव्हण्याचा त्या खाचरावर डोळा होता. दादाच्या घरी कुणी पत्रकवाला येतो अशी कुणकुण मुकादमाला लागल्यापासून तो निमित्तच शोधत होता. माझी पत्रकं त्याने पाहिली होती, तोंड पाहिलं नव्हतं.

हाक्याच्या दोन दिवस आधी, राबासाठी, म्हणजे रोपांची जागा भाजायला, फांद्या तोडताना दादाच्या पायावर कोयता बसला. घोटा सुजून टम्म झाला, उभं राहता येईना. वहिनी मुकादमाकडे जाऊन आली. तो म्हणाला, त्याचा पाय नसेल तर दुसऱ्याचे पाय पाठव, पण घर गैरहजर राहिलं तर खाचर गेलं म्हणून समज. पाहुणे मोठे आहेत असंही म्हणाला. ज्याच्या जागेतून जनावर मागे फुटेल, त्यालाही शेठ सोडणार नाही.

मी तोवर गावात तीन बैठका घेतल्या होत्या. हाक्याला कुणी जाऊ नका, वेठ हा जुलूम आहे, जुलमाला भिऊ नका. माणसं ऐकून घ्यायची, माना हलवायची, आणि शेवटी कुणीतरी विचारायचं, 'मग खाचराचं काय?' त्यावर माझ्याकडे एक घोषणा होती. ती मी द्यायचो. माणसं उठून जायची.

वहिनीचं बोलणं ऐकून मी लगेच म्हणालो, मी जातो, तुझा मुरबाडकडचा भाऊ म्हणून सांग. दादा नको म्हणत होता. तुला रान ठाऊक नाही म्हणाला. मी म्हणालो, ओरडायचंच ना, माझा तर धंदाच तो आहे. खरं सांगायचं तर मी खूश होतो. हाका आतून बघायला मिळणार होता. त्यावर असं पत्रक लिहीन की वाचणारा पेटून उठेल. संध्याकाळी पडवीत बसून मी त्याचा मथळाही ठरवला. आतल्या घरात वहिनी दादाच्या पायाला पाला बांधत होती आणि दोघं अगदी हळू काहीतरी बोलत होती. तिकडे माझं लक्ष नव्हतं.

सकाळी उन्हं चढल्यावर वाघोबाच्या दगडापाशी मुकादमाने घरं मोजली. दादाच्या घराला मी ओ दिली. त्याने एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि पुढे गेला. मग रांग पांगली. माझी जागा उजवीकडची, ओढ्याच्या वरची. माझ्या डाव्या हाताला शेजारच्या घरातला म्हातारा. त्याला सगळा गाव काका म्हणायचा. त्याने मला डबा कसा धरायचा ते दाखवलं आणि म्हणाला,

"पळायचा नाय. खाली बसायचा नाय. नि गप तर बिलकूल ऱ्हायचा नाय. जनावर आवाजाला भितं. जिथं गप, तिथून ते फुटतं. तुझा आवाज मला आला पायजे, माझा तुला. काय?"

मी म्हणालो, काका, आवाजाची काळजी करू नका.

"हां, तू पुढारी ना," तो म्हणाला. "रानात टाळ्या नाय हां वाजत."

हाका सुटला. सागाची वाळकी पानं पायाखाली पापडासारखी मोडत होती. सगळ्या डोंगरउतारावर डबे वाजत होते, माणसं ओरडत होती, आणि त्यांच्यात माझा आवाज सगळ्यात चढा होता. तो पहिला अर्धा तास मी सुखात होतो. लिहायला लाज वाटते, पण होतो. कान गरम झाले होते, हातपाय हलके झाले होते. एक भेकर आमच्यापुढून उड्या मारत गेलं तेव्हा मी हसलो.

मग करवीची झाडी लागली. माणसाच्या डोक्यावर जाणारी, दाट, वाळलेली. काका दिसेनासा झाला. नुसता त्याचा डबा ऐकू येत होता. पुढे कुठेतरी वानरं खेकसली आणि एकदम थांबली. त्यानंतर समोरून एक आवाज आला. करवतीने ओलं लाकूड कापावं तसा, एकदा, पुन्हा एकदा. जवळून.

माझं तोंड उघडं होतं. त्यातून काही येत नव्हतं. एका हातात डबा, दुसऱ्यात काठी; काठी डब्यावर मारायची एवढंच काम, तेही हाताला होईना. डावीकडून काका ओरडला, 'अरे ओरड! पुढाऱ्या, ओरड रे!' मला ते नीट ऐकू आलं. शब्दन्‌शब्द कळला. पण तो दुसऱ्या कुणाला सांगत असावा तसं वाटलं.

करवी हलली आणि बिबळ्या बाहेर आला. सात-आठ हातांवर. पोट जमिनीलगत, कान मागे. त्याने माझ्याकडे पाहिलं, खोडाकडे पाहावं तसं, आणि माझ्या उजव्या बाजूने, मी जिथे गप्प उभा होतो तिथून, तो मागच्या रानात निघून गेला. उग्र वास आला. धोतर पायाशी ओलं लागलं तेव्हा मला कळलं की काय झालं आहे.

पोटात खड्डा वगैरे काही पडला नव्हता. छाती धडधडत होती की नव्हती हेही सांगता येत नाही. त्या वेळी मी तिथे नव्हतोच. एक ओलं धोतर उभं होतं. आणि बिबळ्या गेला तशी भीती जायला हवी होती, तर ती तेव्हाच सुरू झाली. कारण पहिली गोष्ट मला आठवली ती ओढ्याकाठचं खाचर. जनावर दादाच्या घराच्या जागेतून फुटलं होतं.

काका करवी बाजूला करत आला. माझ्याकडे पाहिलं, धोतराकडे पाहिलं. कमरेचा पाण्याचा भोपळा सोडून त्याने सगळं पाणी माझ्या अंगावर ओतलं.

"पाणी सांडलं म्हनून सांग," तो म्हणाला. "नि आता तरी डबा वाजव. पुढली मानसं हायेत अजून."

मचाणाखाली सगळे गोळा झालो. गोळी सुटलीच नव्हती. शेठचा चेहरा उतरला होता, पण पाहुण्यांतले एक वकील मात्र खुशीत होते. मराठीच माणूस. त्यांनी बिबळ्या पाहिलासुद्धा नव्हता; लांबून तो आवाज तेवढा ऐकला होता. कोटाची बाही वर सारून ते शेठला हातावरचा काटा दाखवत होते.

"काय थरार होता हो," ते म्हणाले. "पुन्हा बोलवा, शेठ. जन्मात विसरणार नाही." मग काका समोर दिसला म्हणून त्याला विचारलं, "काय रे म्हाताऱ्या, भीती वाटली का?"

"नाय सायेब."

"बघा. ह्या लोकांना भीती ठाऊकच नसते."

मी तीन पावलांवर ओल्या धोतरात उभा होतो. संताप आला, अजूनही येतो. झाडावर गादी टाकून बसलेला माणूस खालच्या माणसाला विचारतो, भीती वाटली का. आणि त्याने खरं उत्तर दिलं तर पुढच्या वेळी त्याचं खाचर जाणार हे त्याच्या गावीही नाही. पण त्या संतापाला एक टोचणी होती. पोलिसाच्या नाकासमोरून भारा नेल्यावर मी झाडाआड जे हसायचो, ते ह्या वकिलाचंच हसणं होतं. मीही बाही वर करून काटा दाखवतच फिरलो होतो.

मग मुकादम आला. उजवीकडचा आवाज बंद पडला होता हे त्याने मचाणावरून ऐकलं होतं. रांगेपुढे उभा राहून त्याने विचारलं, कोण गप होता? हातात वेत होता.

मी बोललो तर खाचर गेलं, हे खरं. खाचर वाचवायला मी गप्प बसलो, असं पुढे बरेच दिवस मी स्वतःला सांगत होतो. ते खोटं आहे. मी गप्प बसलो कारण मला भीती वाटत होती. वेताची, मुकादमाच्या तोंडाची, आणि मी वहिनीचा भाऊ नव्हे हे उघडं पडण्याची.

काकाने एक पाऊल पुढे टाकलं.

"मी गप झालो. ठसका लागला."

रांगेतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं की काकाचा डबा शेवटपर्यंत वाजत होता. कुणी मान वर केली नाही. त्याची जमीन खडकाळ, ती कुणालाच नको होती. म्हणून तिच्याऐवजी त्याच्या पाठीवर भागलं. वेत बसत असताना वकीलसाहेब थर्मासातला चहा ओतत होते. वर आठ दिवस रस्त्यावर जादा वेठ, ऐन राब तोडायच्या दिवसांत.

घरी येऊन मी दादाला सगळं सांगितलं, धोतरासकट. वाटलं होतं तो म्हणेल, जाऊ दे, खाचर तर वाचलं. 

"तू बोलला असतास तर माझं शेत गेलं असतं," तो म्हणाला. "नाय बोललास, काकाची पाठ गेली. आता ह्यातला कुठला लिवशील तुझ्या कागदात?"

मी काहीच लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी रस्त्यावर गेलो आणि काकाच्या ऐवजी खडी फोडायला लागलो. मुकादमाला एक डोकं हवं होतं, कुणाचं का असेना. तरी काका तिसऱ्या दिवशी आलाच. पाठ टेकवता येत नव्हती म्हणून पळसाखाली पालथा पडून माझं खडी फोडणं बघत होता, आणि घण असा धरतात का, मुरबाडला हाच शिकवतात का, म्हणून टोमणे मारत होता. मी विचारलं, काका, तुम्हाला खरंच भीती वाटली नाही?

"वाटली नाय तर काय. घसा फाडून कशाला ओरडत होतो, गानं म्हनत होतो?" मग म्हणाला, "तुला एक दिस वाटली. आमाला ह्या हाक्यापासून त्या हाक्यापरेंत वाटते. जनावराचा काय रे. ते येतं नि जातं. मुकादम कुठं जातोय?"

मी घण खाली ठेवला होता. तो म्हणाला, फोड, फोड, आठ दिवसांत संपवायची आहे.

पाय बरा झाल्यावर दादाच्याच अंगणात चौथी बैठक झाली. मी म्हणालो, त्या दिवशी गप्प झालो तो मी. सगळ्यांना ठाऊक होतं; मागून कुणीतरी म्हणालं, 'पाणी पन सांडला होता', आणि बाया तोंडाला पदर लावून हसल्या. मी भिऊ नका म्हणालो नाही. म्हणायला तोंडच नव्हतं. मग नेहमीचा प्रश्न आला, खाचराचं काय? घोषणा माझ्या जिभेवर आली होती. ती मी गिळली आणि म्हणालो, मला ठाऊक नाही, तुम्हीच सांगा.

मग वहिनी, दाराच्या आतूनच, बोलली.

"कुनाचा पन खाचर काढला, तर त्यात गावातल्या कुनी पाय टाकायचा नाय. लावनीला बाया कोन जाईल? मी नाय जानार."

आमच्याकडे लावणी एकट्या घराची होत नाही. आज तुझ्या शेतात सगळ्या, उद्या माझ्या. बाया आल्या नाहीत तर कितीही चांगलं खाचर पडीकच राहील, मग ते मुकादमाच्या मेव्हण्याचं असलं तरी. हे मला पत्रकात कधी सुचलं नव्हतं, कारण लावणीला चिखलात मी कधी वाकलोच नव्हतो. एकेक घर बोललं. 'मी नाय जानार.' 'आमची पन नाय.' कुणाच्या आवाजात जोर नव्हता. एक जण तर इतक्या हळू बोलला की त्याला दुसऱ्यांदा विचारावं लागलं. बैठकीला पहिल्यांदाच आलेला मुकादमाचा मेव्हणा कोपऱ्यात होता. तोही शेवटी जमिनीकडे बघत 'मी पन नाय' म्हणाला.

त्या भरवशावर पुढच्या थंडीत हाक्याला गावातलं एकही घर गेलं नाही. वाघोबाच्या दगडापाशी मुकादम दुपारपर्यंत एकटा उभा होता. त्यानंतरचे दिवस कसे गेले ते मी पत्रकात 'गाव ताठ मानेने उभं राहिलं' असं लिहिलं असतं. मान कुणाचीच ताठ नव्हती. माणसं दारं लावून घेत होती. वहिनीने भाताची कणगी माहेरी हलवली. कुत्रं भुंकलं की दादाची आंधळी आई विचारायची, आले काय रे. चौथ्या दिवशी मुकादम आला आणि दादाचं खाचर काढलं म्हणून सांगून गेला. ते मेव्हण्याला दिलं. मेव्हण्याने घेतलंही, पावसापर्यंत. मग बायांची विचारपूस करायला तो घरोघर हिंडला. कुणी पोराला बरं नाही म्हणालं, कुणी कंबर धरली. त्याची स्वतःची बायको माहेरी निघून गेली. खाचर तसंच पडून राहिलं.

लावणीच्या तोंडाशी, शेठचा काही निरोप नसताना, दादाने बैल जुंपले आणि खाचरात उतरला. मी बांधावर होतो. त्याने नांगराचा एक तास घातला, वळला, दुसरा घातला. दर वळणावर तो थांबायचा, मान वर करून शहापूरच्या वाटेकडे बघायचा, आणि पुन्हा बैलांना हाक द्यायचा. वाटेवर काहीच नव्हतं. थोड्या वेळाने बाया आल्या, वहिनी पुढे, काकाची सून तिच्या मागे, आणि वाकून रोप लावायला लागल्या. त्याही मधूनमधून वाटेकडे बघत होत्या. मला कुणी काही म्हणालं नाही, म्हणून मी धोतर खोचून खाली उतरलो आणि रोपांच्या जुड्या त्यांच्या हाताशी टाकू लागलो. दुपारपर्यंत अर्धं खाचर झालं.